संघराज्य कसे जन्माला येते आणि सत्तेची खरी वाटणी कुठे होते

प्रश्न तीन पदरी आहे. स्वतंत्र राज्यांनी करार केला तरच संघराज्य बनते का, की त्याला इतरही वाटा आहेत? कोणता विषय कोणाचा हे राज्यघटनेत लिहिलेले असताना केंद्र आणि राज्ये सतत का भांडतात? आणि एखाद्या राज्याला नकोसे झाले तर बाहेर पडता येते का?

मी घटनाविषयक खटल्यांत काम करतो. केंद्र विरुद्ध राज्य अशा वादांचे कागद वाचणे हा माझा रोजचा उद्योग. नवी राज्यघटना हातात आली की विषयांची यादी मी सगळ्यात शेवटी उघडतो. आधी पाहतो ती घटनादुरुस्तीची तरतूद, मग कुठल्याच यादीत न बसणारे अधिकार कोणाकडे ठेवले आहेत ते, आणि मग कर व अनुदानांचे प्रकरण. सत्ता खरी वाटली जाते ती या जागांवर. तिथे काय लिहिले जाईल हे बरेचसे त्या देशाच्या जन्मकथेने ठरवलेले असते, म्हणून आधी जन्माकडे वळू.

अमेरिकेचे उदाहरण सगळे देतात, पण त्यातला कळीचा भाग बहुधा गाळला जातो. १३ वसाहती ब्रिटनपासून फुटल्या आणि लगेच संघराज्य झाल्या, असे झाले नाही. १७८१ मध्ये लागू झालेल्या करारनाम्याने त्यांनी आधी नुसता महासंघ केला. त्याच्या काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या मध्यवर्ती सभेला, कर बसवता येत नव्हता; राज्यांकडे पैसे मागायचे आणि ते येण्याची वाट पाहायची, एवढेच तिच्या हातात होते. आयात मालावर ५ टक्के जकात बसवू द्या, अशी विनंती तिने केली. करारनामा बदलायला तेराही राज्यांची संमती लागे, आणि १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला. प्रस्ताव बारगळला. सैनिकांचे पगार थकले, परदेशी कर्जाचे हप्ते थकले. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी न्यायालये बंद पाडली, तेव्हा तो उठाव शमवायला काँग्रेसकडे ना फौज होती ना पैसा. नवी राज्यघटना लिहिणारे पुढच्या वर्षीचे फिलाडेल्फिया अधिवेशन भरले ते या नामुष्कीमुळे.

तिथला मुख्य बदल असा की, नवे केंद्र राज्यांकडे मागणीपत्रे पाठवत बसणार नव्हते. ते थेट नागरिकावर कायदा चालवणार होते, थेट त्याच्याकडून कर घेणार होते, थेट त्याला आपल्या न्यायालयात उभे करणार होते. एकाच माणसावर दोन सरकारे, दोन्ही आपापल्या क्षेत्रात अस्सल, आणि दोघांपैकी कोणीही ही रचना एकट्याच्या मर्जीने मोडू शकत नाही. ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे. उत्तर आयर्लंडला १९२१ पासून स्वतःची संसद होती, स्वतःचे मंत्रिमंडळ होते, पण १९७२ मध्ये लंडनच्या संसदेने साध्या कायद्याने ती गुंडाळून ठेवली. दिलेले अधिकार देणाऱ्याला असे परत घेता येत असतील तर ते विकेंद्रीकरण झाले. ते कितीही उदार असले तरी त्याला संघराज्य म्हणता येणार नाही.

अर्थात केंद्र बळकट करायचे म्हटल्यावर छोटी राज्ये घाबरली. लोकसंख्येप्रमाणे प्रतिनिधी दिले तर व्हर्जिनियासारखे राज्य आपल्याला गिळेल, ही त्यांची भीती. एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा आणि दुसऱ्यात प्रत्येक राज्याला सारखी मते ही तडजोड १६ जुलै १७८७ रोजी ५ विरुद्ध ४ राज्यांच्या मतांनी निसटती मंजूर झाली. मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी आपापसात समसमान फुटल्याने त्या राज्याचे मत कुठेच धरले गेले नाही. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर जगातल्या अनेक वरिष्ठ सभागृहांचा नमुनाच वेगळा झाला असता.

स्वित्झर्लंडची वाट रक्तातून गेली, जरी रक्त थोडे सांडले. शतकानुशतके कँटनांचा, म्हणजे तिथल्या घटक राज्यांचा, सैल महासंघ होता. १८४७ च्या नोव्हेंबरात सात कॅथलिक कँटनांनी केलेली वेगळी आघाडी मोडायला युद्ध झाले; महिन्याच्या आत ते संपले आणि सुमारे शंभर माणसे मेली. जिंकलेल्यांनी १८४८ ची राज्यघटना लिहिली, आणि तिथे त्यांचा शहाणपणा दिसतो. हरलेल्या छोट्या कँटनांनाही वरिष्ठ सभागृहात मोठ्यांइतक्याच जागा दिल्या. घटना बदलायची तर देशातल्या मतदारांचे बहुमत हवे आणि बहुसंख्य कँटनांचेही हवे, अशी दुहेरी अट घातली. हरलेल्याला नकाराधिकाराचा वाटा देऊन केलेला तह टिकतो. या क्षेत्रात इतकी वर्षे घालवल्यावर मला याहून पक्का नियम सापडलेला नाही.

आता दुसरी वाट. बेल्जियम १८३० मध्ये एकसंध राज्य म्हणून स्वतंत्र झाला. डच आणि फ्रेंच बोलणाऱ्यांचा वाद विकोपाला गेला, १९६२ मध्ये भाषेची सीमारेषा कायद्याने ठरली, १९७० पासून एकामागून एक घटनादुरुस्त्या झाल्या आणि १९९३ मध्ये पहिल्याच कलमात देश संघराज्य असल्याचे लिहिले गेले. तिथे कोणी कोणाला येऊन मिळाले नाही. घर फुटू नये म्हणून एकाच राज्याने स्वतःला वाटून घेतले. वाटताना फाटाफुटीची भीती इतकी होती की तिथे संघाचा कायदा प्रांताच्या कायद्याहून वरचढ धरला जात नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपीय संघ आणि कॅनडा यांचा व्यापार करार वालोनिया या एका प्रांताच्या संसदेने अडवून धरला, कारण तिच्या संमतीशिवाय बेल्जियमला सही करता येत नव्हती. अखेर खुलासे आणि हमी मिळाल्यावर वालोनियाने वाट मोकळी केली.

भारतातही मुख्य प्रवाह हाच. ब्रिटिश प्रांत एकाच सत्तेखाली होते. त्यांनी कोणताही करार केला नाही. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना हे स्पष्ट सांगितले: हे संघराज्य करारातून आलेले नाही, म्हणून कोणत्याही राज्याला फुटून निघण्याचा हक्क नाही. पण एक गोष्ट इथे नजरेआड होते. पाचशेहून अधिक संस्थाने १९४७ मध्ये सामीलनाम्यावर सह्या करून आली आणि त्यांनी मुळात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच तीन विषय दिले होते. म्हणजे भारताच्या एका भागाची सुरुवात कराराने झाली होती. १९५० पर्यंत तो करार विलीनीकरणात जवळजवळ पूर्ण विरघळला. ‘एकत्र येऊन बनलेली’ आणि ‘एकत्र ठेवण्यासाठी बनलेली’ ही पाठ्यपुस्तकी विभागणी उपयोगाची आहे, पण खरे देश दोन्ही खणांत पाय ठेवून उभे असतात.

तिसरी वाट वरून लादण्याची. नायजेरियात १९६७ च्या मे महिन्यात लष्करी सरकारने चार प्रांत मोडून १२ राज्ये केली, आणि लष्करी राजवटींच्या काळातच १९९६ पर्यंत ती ३६ झाली. अशी राज्ये केंद्राकडून मिळणाऱ्या तेलाच्या पैशावर जगतात आणि केंद्राला क्वचितच आव्हान देऊ शकतात.

जन्मच फसला असे एक उदाहरणही पाहावे. १९५८ मध्ये कॅरिबियन बेटांच्या दहा वसाहतींचा वेस्ट इंडीज संघ झाला. पहिली पाच वर्षे संघाला प्राप्तिकर बसवता येणार नव्हता. तो चालायचा घटक बेटांनी दिलेल्या वर्गणीवर. अमेरिकेने जी चूक १७८७ मध्ये सुधारली ती इथे घटनेतच लिहिली गेली. निम्म्याहून जास्त लोकसंख्या एकट्या जमैकाची होती, आणि तिच्या मतदारांना आपण छोट्या बेटांचा भार का उचलायचा हे कोणी पटवून देऊ शकले नाही. सप्टेंबर १९६१ च्या सार्वमतात जमैकाने बाहेर पडायचे ठरवले, मग त्रिनिदादने, आणि मे १९६२ अखेर संघ विसर्जित झाला.

आता याद्यांकडे. भारताच्या सातव्या अनुसूचीत मुळात संघसूचीत ९७, राज्यसूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ नोंदी होत्या. इतके तपशीलवार लिहूनही भांडण संपत नाही, कारण जग यादीला विचारून बदलत नाही. यादी लिहिणाऱ्यांना विमान, इंटरनेट किंवा हवामानबदल ठाऊक नसतो. म्हणून उरलेला अधिकार, म्हणजे शेषाधिकार, कोणाकडे हा प्रश्न मोठा होतो. अमेरिका, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रेलियात तो राज्यांकडे आहे. भारत आणि कॅनडात केंद्राकडे.

पण कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया शेजारी ठेवा, आणि लेखी वाटणीवर किती विसंबायचे ते कळेल. कॅनडाची घटना १८६७ ची. तिच्या कर्त्यांसमोर नुकतेच झालेले अमेरिकी यादवी युद्ध होते आणि राज्यांना जास्त अधिकार दिल्याने ते ओढवले, असे त्यांचे मत होते. त्यांनी शेषाधिकार केंद्राला दिला, प्रांतांचे कायदे रद्द करण्याची मुभाही दिली. अंतिम निवाडा मात्र लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या अपील संस्थेकडे, होता. तिने ‘मालमत्ता आणि नागरी हक्क’ या प्रांतांच्या नोंदीचा अर्थ इतका रुंद लावला की महामंदीत केंद्राने केलेला बेकारी विम्याचा कायदा १९३७ मध्ये घटनाबाह्य ठरला. तो विषय केंद्राकडे आणायला १९४० मध्ये घटनादुरुस्ती करावी लागली. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये नेमके उलटे केले: केंद्राला मोजके विषय, बाकी सगळे राज्यांचे. मग दुसरे महायुद्ध आले. १९४२ मध्ये केंद्राने प्राप्तिकराचा दर इतका वाढवला की राज्यांना त्यावर आपला कर लावणे व्यवहारात अशक्य झाले. आणि जे राज्य स्वतःचा प्राप्तिकर बसवणार नाही त्याला अनुदान देऊ, असे सांगितले. चार राज्ये न्यायालयात गेली आणि हरली. युद्ध संपले तरी तो कर राज्यांकडे परतला नाही. कॅनडात प्रांत आजही बळकट आहेत आणि ऑस्ट्रेलियात केंद्र, दोन्ही घटनांच्या कर्त्यांच्या हेतूविरुद्ध.

यादीतला एक शब्द किती ताणला जातो याचा नमुना म्हणून अमेरिकेतला १९४२ चा फिलबर्न खटला मी नेहमी सांगतो. ओहायोतल्या या शेतकऱ्याला गव्हासाठी ११.१ एकरांची मर्यादा होती. त्याने २३ एकर पेरले. जादा गहू कोंबड्या-गुरांना, बियाण्याला आणि घरच्या पिठाला वापरायचा, असे त्याचे म्हणणे. त्याला ११७ डॉलर ११ सेंट दंड झाला. केंद्राला अधिकार होता तो ‘राज्याराज्यांमधल्या व्यापाराचा’, आणि हा गहू तर शेताबाहेरही गेला नव्हता. न्यायालयाने एकमताने दंड कायम केला: घरचा गहू खाणारा बाजारातून कमी घेतो, आणि असे सगळेच करू लागले तर देशभरचा भाव हलतो. घटनेतले अक्षर बदलले नाही, आणि केंद्राचा हात मात्र कोठारापर्यंत पोचला.

जिथे अधिकार पोचत नाही तिथे पैसा पोचतो. दारू पिण्याचे किमान वय ठरवणे हे अमेरिकेत राज्यांचे काम. १९८४ मध्ये केंद्राने वय ठरवले नाही. फक्त एवढेच सांगितले की २१ पेक्षा कमी वय ठेवणाऱ्या राज्याच्या महामार्ग निधीतून सुरुवातीला ५ टक्के कापू. साउथ डकोटा न्यायालयात गेले आणि १९८७ मध्ये हरले. १९८८ पर्यंत सगळ्या राज्यांनी वय २१ केले. याला मर्यादा आली ती २०१२ मध्ये. गरिबांच्या वैद्यकीय मदतीची योजना वाढवली नाही तर चालू निधीच बंद, अशी अट केंद्राने घातली, तेव्हा न्यायालयाने ती सक्ती ठरवली. राज्याने नाही म्हणायची खरोखर सोय उरली पाहिजे, हा निकष मला रास्त वाटतो. पण ५ टक्के चालतात आणि शंभर चालत नाहीत तर रेघ नेमकी कुठे, हे दर खटल्यात नव्याने भांडावे लागते.

स्विस लोकांनी याला वेगळाच बांध घातला आहे. संघाच्या प्रत्यक्ष कराचा अधिकार घटनेत मुदतबंद आहे. सध्याची मुदत २०३५ अखेरची. पुढे चालू ठेवायचा तर पुन्हा लोकांपुढे आणि कँटनांपुढे जावे लागेल. जर्मनीत प्राप्तिकर वाटून घेतात: संघ ४२.५ टक्के, राज्ये ४२.५, स्थानिक संस्था १५.

भारताच्या वस्तू आणि सेवा कर परिषदेचे गणित तर कागदावर मांडूनच पाहावे. केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश हवे. केंद्राकडे ३३ टक्क्यांहून जास्त असल्याने त्याचा एकट्याचा नकार पुरतो. विधानसभा असलेल्या केंद्रशासित प्रदेशांसह ३१ सदस्य राज्ये धरली तर प्रत्येकाचे वजन २.१५ टक्के. सगळे हजर असताना अडवायला १२ जणांनी एकत्र यावे लागते, आणि केंद्राला मंजुरी मिळवायला २० जणांची साथ लागते. उत्तर प्रदेश आणि सिक्कीम यांचे वजन इथे सारखेच. आपापला कर बसवण्याचा अधिकार राज्यांनी दिला आणि त्या बदल्यात सामाईक निर्णयात बसायची जागा घेतली. सौदा योग्य की अयोग्य यावर माणसे भांडतात. पण परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले, हे त्या भांडणात विसरू नये.

सत्ता वाटण्याचा एक प्रकार यादीत दिसतच नाही, तो म्हणजे अंमलबजावणी. जर्मनीत संघाचे बहुतेक कायदे राज्यांचे कर्मचारी राबवतात, म्हणून ते करताना राज्य सरकारांना थेट आवाज दिला आहे: बुंडेसराट या सभागृहात राज्य मंत्रिमंडळांचे सदस्य बसतात आणि राज्याची सगळी मते एकगठ्ठाच द्यावी लागतात. २२ मार्च २००२ रोजी स्थलांतर कायद्यावर मतदान होते. ब्रांडेनबुर्गची ४ मते निर्णायक होती आणि तिथल्या आघाडी सरकारचे दोन पक्ष आपापसात फाटलेले. नाव पुकारल्यावर एक मंत्री ‘हो’ म्हणाला, दुसरा ‘नाही’. सभाध्यक्षांनी मुख्यमंत्र्यांना विचारले, ते ‘हो’ म्हणाले, आणि अध्यक्षांनी चारही मते बाजूने धरली. सभागृहात गदारोळ झाला. डिसेंबरात घटना न्यायालयाने कायदा रद्द केला, कारण फुटलेले मत हे मतच नव्हे आणि अध्यक्षांना ते जुळवण्याचा अधिकार नाही.

पंच कोण, हाही प्रश्न यातूनच येतो. बहुतेक ठिकाणी न्यायालय. स्वित्झर्लंडमध्ये संघाचा कायदा न्यायालय रद्द करू शकत नाही. तिथे ५०,००० मतदार किंवा आठ कँटन मिळून सार्वमत मागू शकतात. कँटनांनी हे हत्यार पहिल्यांदा २००३ मध्ये उपसले, करसवलतींच्या कायद्याविरुद्ध, आणि मे २००४ मध्ये मतदारांनी तो कायदा फेटाळला.

भारताबद्दल विचारले जाते की संसद साध्या बहुमताने राज्याची सीमा बदलू शकते, तर हे संघराज्य कसले? शंका योग्य आहे. कलम ३ नुसार संबंधित विधानसभेचे फक्त मत मागवायचे असते. आंध्र प्रदेश विधानसभेने विरोध केला तरी तेलंगण २ जून २०१४ रोजी अस्तित्वात आले. अमेरिकेत राज्याच्या संमतीवाचून हे अशक्य. पण अधिकारवाटणीची तरतूद बदलायला भारतातही किमान निम्म्या विधानसभांची संमती लागते, आणि राष्ट्रपती राजवट लावणे न्यायालयात तपासले जाऊ शकते, हे १९९४ च्या बोम्मई निकालाने पक्के केले. राज्यांचा नकाशा केंद्राच्या हातात आहे, पण राज्य ही संस्था त्याच्या हातात नाही. माझ्या मते एवढ्याने ते संघराज्य ठरते, केंद्राकडे बरेच झुकलेले.

राहिला बाहेर पडण्याचा प्रश्न. अमेरिकी न्यायालयाने १८६९ मध्ये टेक्ससच्या खटल्यात एकतर्फी फुटणे अशक्य ठरवले. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९३३ मध्ये सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी बाहेर पडायला कौल दिला, पण १९३५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने त्यांचा अर्ज विचारात घेण्यासच नकार दिला. सोव्हिएत घटनेत तो हक्क होता, वापरण्याची सोय दशकानुदशके नव्हती. इथिओपियाच्या १९९५ च्या घटनेत तो प्रक्रियेसकट लिहिलेला आहे.

सर्वांत विचारपूर्वक उत्तर कॅनडाचे. फुटून निघण्यावरच्या १९९५ च्या सार्वमतात क्विबेक या फ्रेंचभाषक प्रांतात ५०.५८ टक्के लोकांनी कॅनडातच राहायला कौल दिला. मग १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रांताला एकतर्फी फुटता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत आले तर बाकी देशाला वाटाघाटीला बसावेच लागेल. स्पष्ट बहुमत म्हणजे किती, हे त्याने राजकीय निर्णय म्हणून सोडून दिले. २००० मध्ये कॅनडाच्या संसदेने त्यावर कायदा केला, पण आकडा घातला नाही. त्याच वर्षी क्विबेकच्या विधिमंडळाने ५० टक्के अधिक एक मत पुरे, असा स्वतःचा कायदा केला. दोन्ही कायदे आजही लागू आहेत.